वेशीचे आठ फोटो

मामाच्या फोटो स्टुडिओत तो पहिल्यांदा आला तेव्हा मी काउंटरवर फोटोंच्या कडा कापत बसले होते. त्याने रोल पुढे केला.

"जुन्या वेशीचे आहेत. कमानीला भेग पडलीये, ती वाढतेय का ते बघायचंय. दर सोमवारी साडेनऊला, एकाच जागेवरून. आठ सोमवार."

तो गेल्यावर मामाने लगेच नाव ठेवलं, भेगवाले.

डार्करूममध्ये ट्रेतल्या कागदावर आधी वेस उमटली, मग भेग, आणि अगदी उजव्या कडेला छत्री घेतलेली एक बाई. चेहरा छत्रीत झाकलेला, पण खांद्यावरची पिशवी मीच शिवलेली होती. ऊन असो, पाऊस असो, मी छत्रीशिवाय बाहेर पडत नाही, आणि स्टुडिओचा माझा रस्ता वेशीतूनच जातो.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा मी. तिसऱ्यालाही मीच. डोक्यात नुसता गोंधळ. हा माणूस वेशीचे फोटो काढतोय की माझे? शेवटी विचारलंच.

"ही बाई प्रत्येक फोटोत कशी?"

"वेळेच्या पक्क्या आहेत."

"ओळखीच्या?"

"नाही... म्हणजे, छत्रीपुरत्या."

हे बोलताना तो फोटोकडे बघून हसला की माझ्याकडे, कळलं नाही. साळसूद होता की बावळट? चौथ्या सोमवारी मी मुद्दाम मागच्या गल्लीने आले.

दुपारी तो आला तो तोंड पाडून. "त्या आल्याच नाहीत. आता भेग मोजायची कशी?"

"त्यांचा काय संबंध?"

"शेजारी माणूस असला की मापाचा अंदाज येतो. मी त्यांची उंची पाच फूट धरून चाललोय."

"पाच तीन," मी बोलून गेले.

त्याने कोपऱ्यातल्या माझ्या छत्रीकडे बघितलं. "पाच तीन?"

"म्हणजे... असेल. अंदाजाने."

"मोजपट्टी नसते का हो तुमच्याकडे?" मामाने आतून विचारलं.

"असते," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

पाचव्या सोमवारपासून मी पुन्हा वेशीतून जायला लागले. तोही हल्ली फोटो घेऊन लगेच जात नसे, चुन्याच्या आणि दगडांच्या गोष्टी सांगत बसे. मला तो आवडायला लागला होता, एवढं मला कळत होतं. त्याचं मात्र काही कळेना. आणि आठव्या सोमवारी रोल देताना म्हणाला, "शनिवारी निघतो. दुसऱ्या शहरात एका पुलाचं काम आहे."

मी "बरं" म्हटलं, डार्करूममध्ये गेले आणि डोळे पुसले.

प्रत्येक फोटोची एक प्रत मी ठेवून घेतली होती. का, ते विचारू नका. आठवा फोटो वाळल्यावर सगळे शेजारी शेजारी मांडले आणि बघतच राहिले. शुक्रवारी तो आला तेव्हा ते तसेच काउंटरवर होते. पहिल्यात भेग मधोमध, मी कडेला. चौथ्यात मी नाहीच. पाचव्यात भेग जरा डावीकडे, सातव्यात पार टोकाला. आठव्यात छत्री मधोमध, आणि भेग गायब.

"यात भेग कुठे आहे?" मी आठव्यावर बोट ठेवून विचारलं.

तो ती रांग परत परत बघत राहिला. "असं कसं होईल? मी जमिनीवर खडूने खूण केली होती. पाय तिथेच होते माझे."

"पाय होते हो. कॅमेरा वळला."

"तरीच आमचे ऑफिसातले साहेब विचारत होते, भेग डावीकडे चाललीये का म्हणून..." तो स्टुलावर बसला. "हे कधी झालं?"

"मला काय विचारता?"

"मला आत्ता कळतंय. तुम्ही... मला आवडता तुम्ही." मग घाईघाईने म्हणाला, "आठवा फोटो परत काढावा लागेल. उद्याचं तिकीट रद्द करतो. सोमवारी याल? छत्रीशिवाय?"

सोमवारी नेमकी भुरभुर लागली. मी ओल्या केसांनी कमानीखाली उभी राहिले आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. तो खडूच्या खुणेवर होता. बराच वेळ काहीतरी फिरवत राहिला, मग बटण दाबलं.

ट्रेमध्ये वेस पुसट उमटली, भेग पुसट, आणि मीही पुसट. त्याचा हात हलला होता.

"कागद वाया गेला," मामा म्हणाला.

मी तो फोटो चिमटा लावून वाळत घातला. भेगेचा फोटो शेवटी मामानेच जाऊन काढला. त्याआधी त्याला आम्हा दोघांना वेशीतून बाजूला करावं लागलं.