खांबामागचा बाक

"बाक चोरीला गेला," भोंगा कुजबुजली.

भोंग्याची कुजबुज साधारण तिसऱ्या मजल्यापर्यंत जाते, म्हणून तर तिचं नाव भोंगा. हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं दचकून उडाली.

सुट्टी लागून दहा दिवस झाले होते. शाळेच्या बास्केटबॉल हॉलमध्ये तिघी जणी उभ्या होत्या आणि समोर खांबामागे, भिंतीलगत, रिकामी जागा होती. फरशीवर धुळीची एक लांबट चौकट आणि चार पायांचे ठसे, एवढंच मागे उरलं होतं.

"डुगडुगणारा जुना बाक कोण चोरेल?" पुरवणीने विचारलं. परीक्षेत ती हमखास चार पुरवण्या घ्यायची, आणि बोलतानाही एका प्रश्नाला दुसरा जोडल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. "आणि चोरायचंच होतं तर ते कपांचं कपाट सोडून बाकच का?"

"बरं झालं गेला तो," टाचणी म्हणाली. "आता आपणही जाऊ."

टाचणी तिघींत सगळ्यात बारकी. गेले एकोणीस दिवस ती असंच बोलत होती, आणि तिला दोष देण्यात अर्थ नव्हता.

शाळेच्या संघात आठ जणी. पाच खेळायच्या आणि या तिघी बाकावर बसायच्या. 'राखीव खेळाडू' असा भारदस्त शब्द सरांच्या तोंडी कधी आलाच नाही. ते तिघींना मिळून नुसतं 'बाक' म्हणायचे. "बाक, पाणी आणा." "बाक, टॉवेल उचला." तिघी पाणी आणायच्या आणि टॉवेल उचलायच्या.

अजिंक्यपदाचा शेवटचा सामना याच हॉलमध्ये झाला. संपायला वीस सेकंद होते, शाळा एका गुणाने पुढे होती आणि नेमकी एक जण पाचव्या फाऊलवर बाद झाली. सरांनी मागे न बघता हात हलवला. "बाक, एक जण आत." टाचणी आत गेली आणि चेंडू तिच्याच हातात आला. सर वर्षभर घसा फोडून सांगत आले होते, गडबड झाली की डाव्या कोपऱ्यात टाका. डावा कोपरा म्हणजे कप्तानाची जागा. टाचणीने सांगितल्याप्रमाणे डाव्या कोपऱ्यात पास टाकला. तिथे कप्तान नव्हती, समोरच्या संघाची नऊ नंबर होती. नऊ नंबरने चेंडू घेतला, कोर्टभर पळवत नेला आणि बास्केट केली. शिट्टी वाजली आणि शाळा एका गुणाने हरली.

कप्तान म्हणजे टाचणीची सख्खी ताई. ताईचं शाळेतलं हे शेवटचं वर्ष होतं, तिला अजिंक्यपदाची दुसरी संधी मिळणार नव्हती. त्या दिवसापासून ती टाचणीशी बोलली नव्हती. एका खोलीत दोन पलंग, मध्ये एक खुर्ची, आणि शब्द एकही नाही. पंखा कमी करायचा झाला तरी ताई स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणायची, "आई, तिला म्हणावं पंखा कमी कर." भांडी घासता घासता आई ओरडायची, "मी काय तुमचं पोस्ट ऑफिस आहे का गं?"

टाचणीला कप नको होता. संघातली जागा गेली तरी ती रडली नसती. ताईने एकदा तोंडावर 'मूर्ख' म्हटलं असतं, तरी ती भरून पावली असती.

त्यात भर म्हणून पुरवणीने ऑफिसात सरांची चिठ्ठी वाचली होती. मोठ्या बाईंना लिहिलेली ती चिठ्ठी तिला तोंडपाठ झाली होती. 'आपला बाक फार कमजोर आहे. सुट्टीत मजबूत करून घ्यावा. होत नसेल तर नवा आणावा.' म्हणून तिघी रोज सकाळी हॉलमध्ये येत. आपल्याला मजबूत करायला कोणीतरी येईल, अशी त्यांची आशा. दहा दिवसांत चिटपाखरूही फिरकलं नव्हतं. सर चिठ्ठी लिहून निवांत गावाला गेले होते.

"ऑफिसात विचारू," पुरवणी म्हणाली.

ऑफिसातले काका शिक्क्याची शाई वाळवत बसले होते. बाकाचं नाव काढताच त्यांचा चेहरा फुलला.

"चोरी कसली? मी पाठवला! काल दुपारी मोठ्या बाईंनी चिठ्ठीवर 'त्वरित करावे' असा शेरा मारला. त्याच दिवशी सुतारमावशीकडे रवाना. या ऑफिसात एवढं झटपट काम पूर्वी कधी झालं नव्हतं."

पुरवणीने फाईलमधल्या त्या चिठ्ठीवर बोट ठेवलं.

"काका," पुरवणी हळूच म्हणाली, "सरांनी बाक लिहिलंय ते बसायच्या बाकाबद्दल नाही. बाक म्हणजे आम्ही तिघी."

काकांनी चिठ्ठी पुन्हा वाचली. चष्मा पुसून परत वाचली.

"मग तुम्हाला सुतारमावशीकडे पाठवायचं होतं?"

"नाही हो काका, आमचा सराव घ्यायचा होता!" भोंगा म्हणाली, आणि शेजारच्या खोलीत काहीतरी खाली पडलं.

"आता काय करणार? फाईल बंद झाली," काका म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं, पण बंद फाईल उघडण्याइतकं नाही.

म्हणजे लाकडी बाक मजबूत होत होता, आणि ज्यांना मजबूत करायचं त्यांना कोणी विचारतही नव्हतं. टाचणी म्हणाली, "घरी जाते." भोंग्याने तिची बाही धरली. "निदान बाक तरी बघून येऊ. त्याचं तरी बरं चाललं असेल."

सुतारमावशीचं दुकान शाळेच्या मागच्या गल्लीत. दारापासूनच भुसा पायाखाली मऊ लागत होता. बाक दोन लाकडी घोड्यांवर उलटा ठेवलेला होता आणि मावशी त्याच्या नव्या पायावर रंधा मारत होत्या.

"यावर तुम्हीच बसता का?" त्यांनी विचारलं. "बरं झालं आलात. कालपासून मी या बाकाशी डोकं लावतेय."

त्यांनी बाक सुलटा केला. एक टोक नव्यासारखं होतं, त्यावर जुनं रोगण तसंच होतं. दुसरं टोक झिजून इतकं गुळगुळीत झालं होतं की खिडकी त्यात दिसावी.

"तीन जणींचा बाक, आणि बसता सगळ्या या एका टोकाला. या टोकाचा पाय तुमच्याच वजनाने मोडला. लाकूड उत्तम आहे, उगीच त्याला कमजोर म्हणू नका. पण एवढ्या टोकाला घुसता कशाला? भांडता का?"

"त्या टोकाला बसलं की काहीच दिसत नाही," टाचणी म्हणाली. "मध्ये खांब आहे."

"आणि या टोकावरून?"

"यावरून दिसतं. म्हणजे... बरंचसं."

"बरंचसं म्हणजे किती?"

हा प्रश्न खरं तर पुरवणीने विचारायला हवा होता. तिने तो दोन वर्षांत विचारला नव्हता, याची तिला लाज वाटली. तिघी पळतच हॉलमध्ये आल्या. पायांच्या ठशांवर, बरोबर त्या टोकाला, पुरवणी मांडी घालून बसली. भोंगा कोर्टाच्या एकेका भागात जाऊन ओरडत होती, "दिसते का?" दिसत होती. मग ती डाव्या कोपऱ्यात गेली.

"दिसते का?"

"ऐकू येतेस," पुरवणी म्हणाली. "दिसत नाहीस."

टाचणीही बसून बघून आली. डावा कोपरा सगळाच्या सगळा खांबाने गिळला होता. पूर्वी बाक खांबाच्या पुढे असायचा. दोन वर्षांपूर्वी कपांचं मोठं काचेचं कपाट आलं, सरांनी ते बाकाच्या जागी ठेवलं आणि बाक मागे ढकलला. त्यानंतर त्या कपाटात एकही नवा कप आला नव्हता. सर स्वतः रेषेवर उभे राहायचे, त्यांना सगळं दिसायचं.

"सामन्याच्या दुसऱ्या अर्ध्यात ताई डाव्या कोपऱ्यात का नव्हती?" पुरवणीने विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं.

दुपारी टाचणी खोलीच्या दारात उभी राहिली. ताई पाठ करून पुस्तकं आवरत होती.

"आई," टाचणी मोठ्याने म्हणाली, "तिला विचार, दुसऱ्या अर्ध्यात ती डावा कोपरा सोडून का खेळत होती?"

हातातलं पुस्तक पलंगावर आपटलं गेलं. मग ताई म्हणाली, "आई, तिला सांग, कारण तिथे नऊ नंबर अर्धा सामना दबा धरून बसली होती. तिथे पास द्यायचा नाही, असं आम्ही खुणेने ठरवलं होतं. अख्ख्या हॉलला दिसत होतं. हिलाच दिसलं नाही."

टाचणीच्या ओठांवर 'खांब' आलं होतं. पण हरलेल्या माणसाने खांबाचं नाव घेतलं की ती सबब वाटते. ती तशीच पुरवणीकडे निघाली.

"सांगून पटणार नाही," दुसऱ्या दिवशी पुरवणी म्हणाली. "सांगायचंच नाही. सरांना बसवायचं."

"ते जन्मात बसत नाहीत."

"सही करायला बसतील."

काकांनी बंद म्हटलेल्या फाईलमध्ये खरं तर एक शेवटचा कागद बाकी होता. 'वापरून पाहिला, काम समाधानकारक', आणि खाली सरांची सही. सुतारमावशींना सगळं सांगितलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. त्यांनी फक्त गुळगुळीत टोकावर पॉलिश पेपर घासायचं रद्द केलं. "राहू दे. हा तुमचा पुरावा."

शनिवारी गावाहून परतलेल्या सरांनी आठही जणींना जर्सी परत द्यायला बोलावलं होतं. बाक आपल्या जागी, खांबामागे, आला होता. काका कागद घेऊन उभे होते आणि मोठ्या बाई सहज म्हणून डोकावल्या होत्या.

"द्या, सही करतो," सर म्हणाले.

"असं कसं?" सुतारमावशी म्हणाल्या. "वापरून पाहिला, असं लिहिलंय. वीस मिनिटं बसा. मग उठा, पळा. पाय डुगडुगला तर माझं नाव खराब."

"मी काय करू वीस मिनिटं?"

"मुली चार-चार खेळतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही राखीव." त्यांनी तो शब्द पूर्ण उच्चारला.

खेळ सुरू झाला. सर आधी बाकाच्या मध्ये बसले. मग मान वाकडी करून थोडं सरकले, अजून थोडं सरकले, आणि पाच मिनिटांत बरोबर गुळगुळीत टोकाला पोचले. टाचणी ताईच्या विरुद्ध बाजूला होती. ती डाव्या कोपऱ्यात गेली आणि तिथेच दबा धरून राहिली. ताईने तिच्याकडे एकदाच पाहिलं, कपाळाला आठी घातली, आणि पुढचा प्रत्येक पास दुसरीकडे दिला.

विसाव्या मिनिटाला ताईच्या बाजूची भोंगा पोट धरून खाली बसली. इतका वाईट अभिनय त्या हॉलने पाहिला नव्हता. "सर, या ना आत! एक जण कमी पडतेय!"

सर उठले. गुडघे आखडले होते. चेंडू त्यांच्या हातात येतो न येतो तोच पुरवणी अंगावर धावली. सर गडबडले आणि वर्षभर जे शिकवत होते तेच त्यांनी केलं. त्यांनी चेंडू डाव्या कोपऱ्यात टाकला.

चेंडू टाचणीच्या हातात येऊन पडला. ती कोर्टभर पळाली, बास्केटखाली पोचली, उडी मारली आणि चेंडू कड्यावर आपटून बाहेर आला. टाचणी शेवटी टाचणीच होती.

पण कोणी हसलं नाही. सर कोपऱ्याकडे बघत होते. मग ते बाकाकडे गेले, टोकाला बसले आणि पुन्हा कोपऱ्याकडे पाहिलं. हात त्या गुळगुळीत लाकडावर फिरत राहिला.

"ती कधीपासून तिथे होती?" त्यांनी विचारलं.

"पंधरा मिनिटं, सर," पुरवणी म्हणाली. "नऊ नंबर तर अर्धा सामना होती."

सर उभे राहिले. "पास टाचणीने दिला," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पण बाक इथे मी ठेवला. हरलो ते माझ्यामुळे."

मोठ्या बाई म्हणाल्या, "चिठ्ठी मी वाचली, सरांनी लिहिली, काकांनी फाईल केली. त्यातलं काय चुकलं ते या तीन मुलींनी शोधलं. शाबास, पोरींनो." काकांनी डोळ्यांवरचा चष्मा उगीचच पुसला.

"सर, मग आम्ही संघात राहणार?" भोंग्याने विचारलं. या वेळी तिचा आवाज खरंच हळू होता.

सरांनी मान खाली घातली. "नवी नावं मी गावाहूनच क्रीडा मंडळाला पाठवली. आता वर्षभर बदलता येत नाहीत. मी विचारून बघेन, पण खोटी आशा देत नाही."

म्हणजे कप गेला होता, संघातली जागाही गेली होती, आणि ताईचं शेवटचं वर्ष परत येणार नव्हतं. शाबासकीचं काय करायचं ते तिघींना कळेना. सगळ्यांनी मिळून कपाट ढकलून भिंतीला लावलं आणि बाक खांबाच्या पुढे आणून ठेवला. बसायला आता कोणाचाच हक्क नव्हता, तरी टाचणी सवयीने त्या गुळगुळीत टोकाला जाऊन बसली. तिथून सगळं कोर्ट दिसत होतं. डावा कोपराही.

ताई बराच वेळ जुन्या जागी, खांबाआड, ओणवी होऊन बघत होती. मग ती सावकाश चालत आली आणि बाकासमोर उभी राहिली. टाचणीने वर पाहायचं धाडस केलं नाही. तिला फक्त ताईचे बूट दिसत होते.

"सरक," ताई म्हणाली.