एकोणीस घरांची सावळी

लोकसंख्येचा नकाशा घरबसल्या काढता येत नाही, हे कुणालीला सर्वेक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. उपग्रहाच्या चित्रात छपरं दिसतात. छपराखाली माणसं किती, ते दारात जाऊनच विचारावं लागतं. खर्डीपासून सुरुवात करून तिने शहापूर तालुका संपवला आणि मुरबाडला खोली घेतली. आई गेल्यापासून एकटीनं राहायचं अंगवळणी पडलं होतं. दिवसभर लोकांची घरं मोजायची आणि संध्याकाळी आपलं कुलूप उघडायचं.

सिद्धगडाच्या पायथ्याच्या कोंडवाडीत एकोणीस घरं होती. भात झोडून झालं होतं, माणसं अंगणातच भेटत होती. पहिल्या घरात रामूने नावं सांगितली: तो, बायको, दोन मुलगे. मग जरा थांबून म्हणाला, "आनि सावळी. नऊ वर्सांची."

"कुठे आहे?"

"असल हितंच कुठंतरी."

दुसऱ्या घरातही शेवटचं नाव सावळी, वय नऊ. तिसऱ्याही. पाचव्या घरात ही थट्टा समजून कुणालीने पेन खाली ठेवलं, पण कुणी हसलं नाही.

दुपारपर्यंत एकोणीस सावळ्या झाल्या. एकूण माणसं एकशेतीन. शंभरावरच्या वस्तीला नकाशात स्वतंत्र ठिपका मिळणार होता आणि जिथे ठिपका तिथे नळ. अच्छा, हे असं आहे तर, तिने मनात म्हटलं. तिला राग आला नाही. फक्त प्रत्येक घरात चुलीपाशी एक लहान थाळी वेगळी उपडी घातलेली होती आणि तिच्याकडे कुणी बघत नव्हतं.

वस्तीतली सगळ्यांत वडीलधारी अंबूबाई तांदूळ पाखडत बसली होती.

"आजी, एक मुलगी एकाच घरात लिहिता येते. कुणाची आहे ती?"

"सगल्यांची."

"मग तुमच्याकडे लिहिते."

सूप थांबलं. "एका घरात नका लिवू. एका घराला ती झेपत नाय. लखमानं ठेवली व्हती एकल्यानं. त्याचं घर तिकडं, बगा."

तिकडे नुसता चौथरा होता. त्यातून मांडीएवढ्या जाडीचं सावरीचं झाड वर आलं होतं. कुणालीने मोबाइलवर उपग्रहाचं चित्र उघडलं. त्याच जागी धड, शाकारलेलं छप्पर होतं. चित्र गेल्या वर्षीचं होतं.

तिने मोबाइल बंद केला. चित्रात चूक असू शकते.

"नळासाठी करताय ना हे?" तिने हळू विचारलं.

"नळ नको आमाला. नाव तेवढं ऱ्हाऊ दे, वाटून."

पण न दिसलेलं माणूस नोंदवायचं नाही, हा नियम होता. कुणालीने अंबूबाईसमोरच एकोणीस रेघा मारल्या. चौऱ्याऐंशी.

"कुठंच नाय ठेवली?"

"नाही."

अंबूबाईने बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

निघताना सगळी वाडी दारात आली. ओहोळापर्यंत माणसं मागे मागे आली आणि तिथे थांबली.

"सावकाश चाला, बाय," अंबूबाई म्हणाली.

पलीकडे पोचल्यावर मागून कुणीतरी बाई मोकळं हसल्याचं ऐकू आलं. दिवसभरात त्या वाडीतलं ते पहिलं हसू.

पुढचे आठ दिवस कुणालीचे बरे गेले. झोप लागत होती. खोलीकडे परतताना पाय जड होत नव्हते.

नवव्या दिवशी ती पुढच्या पाड्यावर गेली. गोदू नावाच्या बाईने ओट्यावर घोंगडी टाकली, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "तुमच्या घरी कोन कोन?"

"आम्ही दोघीच," कुणाली म्हणाली आणि जरा सरकून बसली.

गोदूने तिच्या शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. मग अंगणात खेळणाऱ्या आपल्या पोरीला हाक मारून आत घेतलं आणि दार ओढून घेतलं.