वळचणीखालचा वाटसरू

“मेलेलं नाही हो हे. धाप लागलीय नुसती.”

काउंटरमागच्या माणसाने तिच्या गेमच्या मशीनला कान लावला होता आणि हे वाक्य तो अगदी सहज बोलून गेला. ती मात्र जागच्या जागी थिजली. मागच्या हिवाळ्यात असंच एखादं वाक्य ऐकायला मिळेल म्हणून ती हॉस्पिटलच्या बाकावर बसून राहिली होती. तिथे ते कुणी म्हटलं नव्हतं.

“पंख्यात धूळ साचलीय,” तो म्हणाला. “साफ केला की पळेल बघा घोड्यासारखं.”

“पळायला नको. चाललं तरी पुरे.”

तेव्हा कुठे त्याने मान वर केली आणि त्याचा चष्मा नाकावरून घसरला. एका काडीला चिकटपट्टी गुंडाळलेली होती. ती चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायची. वाकडा चष्मा दिसला की तिचे हात शिवशिवत.

“द्या इकडे.”

त्याच्याच टेबलावरचा बारीक पेचकस उचलून तिने चिकटपट्टी सोडवली, स्क्रू बसवला. तो डोळे बारीक करून पाहत राहिला. “आत्ता तुम्ही नुसत्या निळ्या दिसताय.”

“बरंय की. निळ्याशी बोला.”

तिने चष्मा त्याच्या कानांवर ठेवला. बोट जरासं टेकलं... लगेच मागे घेतलं.

“अरेच्चा! चेहरासुद्धा आहे की!” तो म्हणाला. ती हसली, आणि आपण हसलो याचंच तिला नवल वाटलं.

दुकानात त्याला सगळे वादळ म्हणत. इतरांना महिनोन्‌महिने पुरणारे खेळ तो एका बैठकीत संपवायचा. कुठली भिंत ओलांडली की अख्खी दरी वाचते, खेळातल्या कुणाचं बोलणं मध्येच तोडायचं, हे त्याला पाठ होतं. मशीन सुरू करून पाहताना त्याला आतला खेळ दिसला आणि तो खो खो हसत सुटला.

“एवढे तास खेळून अजून दुसऱ्याच गावात? कोण खेळतंय, गोगलगाय?”

“माझे बाबा,” ती म्हणाली. “खेळायचे.”

त्याचं हसू विझलं. माफी वगैरे त्याने मागितली नाही. आतून एक स्टूल आणलं, फडक्याने पुसलं आणि तिच्यापुढे ठेवलं. ते तिला आवडलं.

तिच्या बाबांनी उभा जन्म शहरातली बस चालवली. समोर वेळापत्रक, मागे हॉर्न, आणि कानाशी कुणीतरी ‘अहो, जरा दामटा की!’ म्हणणारं. नोकरी संपल्यावर त्यांनी हा खेळ आणला. केवढं तरी मोकळं जग त्यात— डोंगर, राज्यं, जादूगार. बाबांनी सगळे योद्धे बाजूला सारले आणि एक साधा वाटसरू निवडला. त्याचे नियम त्यांचे त्यांनीच घातले. जायचं ते चालत. घोडा मिळाला तर लगाम धरून शेजारून न्यायचा; म्हणायचे, “आयुष्यभर ज्याने लोकांना वाहून नेलं त्याला विचार, पाठीवर कुणी बसलं की कसं वाटतं ते!” वाटेत कुणी बोललं तर पूर्ण ऐकून घ्यायचं. आणि पाऊस आला की आडोसा बघायचा, ओसरेपर्यंत थांबायचं.

रोज खेळ सुरू करण्याआधी ते तिच्याकडे बघत. “बेल दे, कंडक्टर.”

लहानपणी ती त्यांच्या सीटमागे बसायची, म्हणून हे नाव. ती कपावर चमचा वाजवायची— टिंग टिंग. दोन टोले म्हणजे चल. एकच टोला म्हणजे थांब, कुणाला तरी उतरायचंय.

वाटसरूला समुद्रावर जायचं होतं. “समुद्र आला की हाक मारीन तुला,” बाबा म्हणायचे. ती हाक काही आली नाही. वाटसरू राहिला तो एका पाणगिरणीच्या वळचणीखाली, धो धो पावसात. दारातला गिरणीवाला त्याला म्हणत होता, “थांबा पाहुणे, पाऊस ओसरू द्या.”

तेव्हापासून ती रोज संध्याकाळी खेळ सुरू करायची, तो पाऊस बघायची आणि ओसरायला लागायच्या आत बंद करायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा बाबांनी सोडला होता तिथूनच तो पाऊस.

“अगं, माझा भाऊ कधीचा भिजतोय तिथे,” आत्या दारातून म्हणायची. “आत तरी घे त्याला.”

“भिजत नाहीयेत आत्या. वळचणीखाली आहेत.”

“पाय तरी दुखत असतील की गं,” आत्या म्हणायची, आणि पदर डोळ्यांना लावत आत जायची.

मशीन ठीक चाललंय ना, हे बघायला वादळ एकदा घरी आला. मग वायर बदलायला. मग कसलंच निमित्त न काढता. आत्याने त्याला पहिल्या दिवशी ‘अहो’ म्हटलं, दुसऱ्या दिवशी ‘अरे’ आणि तिसऱ्यांदा सरळ लसूण सोलायला बसवलं.

“हा पाऊस मुळात शापाचा आहे,” एकदा तो तिच्याशेजारी जमिनीवर बसून म्हणाला. “डोंगरावरच्या दैत्याला मारलं की बंद. कायमचा. मग जिकडे तिकडे ऊन.”

“म्हणून तर बाबा तिकडे फिरकले नाहीत.”

“दैत्याला घाबरून?”

“उन्हाला. मग थांबायला निमित्त कुठलं?”

तो हसला, पण त्याचा गुडघा हलतच होता. स्वस्थ बसणं त्याच्या पत्रिकेतच नव्हतं. तिने गुडघ्यावर हात ठेवला. “हळू. उतारू पडतील.”

गुडघा थांबला. हात मात्र तिथेच राहिला... पडद्यावर पाऊस कोसळत होता, पागोळ्यांची एक सरळ रेघ वाटसरूच्या पुढ्यात पडत होती, आणि वादळ चक्क नुसता बघत बसला होता.

“रविवारी बंद नाही करायचा,” ती म्हणाली. “ओसरू द्यायचा. मग आपण जायचं, समुद्रापर्यंत. चालत.”

“आपण?”

“का? पाय दुखतात तुझे?”

“नाही गं... इतकी सावकाश मागणी आजवर कुणी घातली नव्हती मला.”

“मागणी नाहीये ही.”

“मग काय आहे?”

“तिकीट.”

त्या रात्री बंद करताना तिचा हात पहिल्यांदाच जड झाला नाही. पंखा पुन्हा खरखरायला लागला होता. “रविवारपर्यंत नवा बसवून ठेवतो,” म्हणत तो मशीन काखेत मारून घेऊन गेला. तिनेच पिशवी दिली होती.

रविवारी त्याचा निरोप आला: दुकानातच ये, गंमत आहे. दुपारपासून आभाळ भरून आलं होतं. आत्याने बजावूनही ती छत्री न घेता निघाली. दुकान बंद ठेवून त्याने टेबल लख्ख आवरलं होतं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या.

“डोळे मीट. ...हं, उघड.”

पडद्यावर समुद्र होता. निळाशार, उन्हात चमचमणारा. किनाऱ्यावर एक सोनेरी चिलखतातला सरदार पांढऱ्या घोड्यावर रुबाबात बसला होता.

“कोण हा?” तिने विचारलं.

“ओळखलं नाहीस? बाबांचा वाटसरू!” त्याचा आनंद पोटात मावत नव्हता. “तू रोज त्या पावसापुढे बसायचीस, मला बघवायचं नाही. म्हटलं, जगात आपल्याला एकच गोष्ट धड येते, ती हिच्यासाठी करू. एका दमात काढलं सगळं. दैत्य, राजधानी, समुद्र... पाऊस बंद केला बघ तुझा.” मग त्याचा आवाज खाली आला. “फार आवडतेस तू मला. हे असं सांगायचं होतं.”

थांब्यावरचा माणूस निघून गेल्यावर बस यावी, तसं ते वाक्य तिच्यापर्यंत आलं.

“आणि गिरणी?”

“गिरणी? आहे की. थांब, आत्ता नेतो.” त्याने नकाशावर बोट ठेवलं आणि बाबा जी वाट दिवसेंदिवस चालले ती पापणी लवायच्या आत संपली.

गिरणीवर लख्ख ऊन पडलं होतं. वळचण कोरडी. गिरणीवाला लगबगीने बाहेर आला आणि लवून म्हणाला, “यावं राजे! आज्ञा करावी.”

तिने कंट्रोलर घेऊन गिरणीवाल्याशी पुन्हा बोलून पाहिलं.

“यावं राजे! आज्ञा करावी.”

“मागे नेता येईल?” तिने विचारलं. “जिथे होते तिथे?”

वादळच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. कंट्रोलर घट्ट धरलेले तिचे हात त्याने आत्ता कुठे पाहिले. “या खेळात पुढचं सेव्ह झालं की... मागचं पुसलं जातं.” तो अडखळला. “कॉपी काढायला हवी होती. सुचलंच नाही गं. मागे वळायची वेळच येत नाही माझ्यावर.”

ती चिडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला, नीट, आवाज न करता.

“नवा सुरू करू,” तो घाईघाईने म्हणाला. “पहिल्यापासून. तुझी शपथ, एक पाऊल धावणार नाही.”

तो शब्द पाळेल हे तिला ठाऊक होतं, आणि तेच जड जात होतं. तो तिच्यासाठी गुडघे आवळून वर्षभर चालला असता. आणि दर पावसात, दर वळचणीखाली, तिला हे ऊन दिसलं असतं.

“तुला माहीत होतं,” ती म्हणाली. “बाबा उन्हाला घाबरायचे, हे मी तुला सांगितलं होतं.”

“मला वाटलं, तू थट्टा करतेयस.”

“थट्टाच होती,” ती म्हणाली. “खरीसुद्धा होती.”

ती बाहेर आली तेव्हा खरा पाऊस सुरू झाला होता. तो किल्ली घेऊन मागोमाग आला. “गाडीने सोडतो ना. दोन मिनिटांत घरी.”

“नको. ओसरेपर्यंत थांबते.”

तोही थांबला, दुकानाच्या वळचणीखाली, तिच्यापासून हातभर अंतरावर. त्याचा गुडघा हलत होता. चष्म्याचा स्क्रू पुन्हा सैल झाला होता. काडी कानावरून निसटत होती. तिचा हात आपसूक वर गेला... आणि परत येऊन पर्सच्या पट्ट्यावर विसावला. त्याने ते पाहिलं.

सर ओसरली. पागोळ्या तेवढ्या गळत राहिल्या.

“बेल दे, कंडक्टर,” तो म्हणाला. इतक्या हळू, की तिनेच कधीतरी सांगितलेले ते शब्द त्याच्या तोंडी आल्याचा तिला रागही आला नाही.

तिने पर्समधून घराची किल्ली काढली आणि पायरीलगतच्या लोखंडी कठड्यावर टेकवली.

टिंग.

दुसऱ्या टोल्याची वाट बघत तो उभा राहिला. गुडघासुद्धा हलला नाही. ती तोवर पायरी उतरून चालू लागली होती, सावकाश, डबकी चुकवत.