चौदा इंच

कुठला मासा किती वाढणार, हे मी त्याच्याकडे बघून सांगते, आणि बहुतेक वेळा इंचाचाही फरक पडत नाही. अठरा वर्षं शोभेच्या माशांचं दुकान चालवतेय. या धंद्यातली सगळ्यात मोठी लबाडी म्हणजे बोटाएवढं पिल्लू गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं आणि ते पुढे हातभर होतं, हे सांगायचंच नाही. मी तसं करत नाही. मासा टाकीत मावेनासा झाला तर माझ्याकडे परत आणायचा, नदीत किंवा तळ्यात सोडायचा नाही, ही माझी अट. घरामागे वीस फुटी सिमेंटचा हौद मी त्याचसाठी बांधून घेतलाय. तेव्हा त्यात असे सात पेन्शनर होते.

आमच्या दातांच्या डॉक्टरांना मी एक राखाडी, मिशाळ मासा दिला होता. दवाखान्यात पेशंट बसतात त्या खोलीत, चार फुटी टाकीत तो असायचा. मिशांमुळे सगळे त्याला भाऊसाहेब म्हणायचे. चौदा इंचांवर थांबेल, असं मी छातीठोकपणे सांगितलं होतं.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "ताई, भाऊसाहेबांना वळता येईना हो."

मी गेले. मासा टाकीच्या मधोमध होता, शेपूट एका अंगाला मुडपलेली. वळायला गेला की काचेवर नाक आपटल्यासारखा थबकायचा. काच तर नाकापासून चांगली फूटभर लांब होती. डोळे स्वच्छ, कल्ले लाल, पाणी तपासलं तर उत्तम. मी टेप काढून काचेवरून मापलं. चौदा इंच. डॉक्टरांनीही मापलं.

"चौदाच," ते म्हणाले आणि भिंतीला अंग घासत आपल्या खोलीत गेले.

तेव्हा माझं लक्ष पेशंटकडे गेलं. दोन बाकं रिकामी होती आणि तिघं जण कोपऱ्यात एकमेकांना खेटून उभे होते. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंचा गाल टम्म सुजला होता.

"मावशी, बसा की," मी म्हटलं.

"जागा कुठंय बाई?" त्या म्हणाल्या. चिडून नव्हे. खरंच विचारत होत्या.

दात ठणकायला लागला की माणूस काहीही बोलतो, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि दोन दिवसांत सहा फुटी टाकी करून दिली. नवव्या दिवशी पुन्हा फोन. टाकी सहा फूट, मासा चौदा इंच, आणि भाऊसाहेबांचं नाक सोलवटलेलं. डॉक्टर या वेळी बाहेर जिन्यातच उभे होते.

"आत हात हलवायला जागा पुरत नाही, ताई. काल माझ्या हातून एकीच्या जिभेला लागलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा." मग आवाज उतरवून म्हणाले, "नदीत सोडून देऊ का? कुणाला कळणार आहे?"

"मला कळेल ना," मी म्हटलं. "तो या नदीचा नाही. एक तर उपाशी मरेल, नाही तर तिथलं सगळं फस्त करेल. मी विकलाय, मीच निस्तरते."

दुपारी त्याला झाकणाच्या पिंपात घालून मी गाडीच्या मागच्या सीटवर ठेवलं. रस्ता दहा मिनिटांचा. पहिल्या सिग्नलला थांबले तेव्हा कळलं, माझा खांदा दाराला चिकटलाय आणि कान काचेला. मी सावरून बसले. पुढच्या सिग्नलला पुन्हा तेच.

हौदात सोडल्यावर मात्र भाऊसाहेब जे सुटले! या टोकापासून त्या टोकापर्यंत, गर्रकन वळून परत. जीव सुपाएवढा झाला माझा. संध्याकाळी डॉक्टरांनी कळवलं, लोक ऐसपैस बसलेत, हातही मोकळा झालाय. प्रश्न जागेचा होता, मी म्हटलं. जागा दिली, विषय संपला.

सकाळी मी खाणं टाकायला गेले. साती मासे एका भिंतीशी उभे होते, भिंतीकडे तोंड करून, एकाला एक चिकटून. मधल्या पाण्यात भाऊसाहेब एकटेच फिरत होते.

नवा गडी आला की जुने दोन दिवस बिचकतात. मी खाणं भिंतीजवळ टाकलं. एकानंही तोंड उघडलं नाही.

घरात आले. नवरा चहाचे कप घेऊन स्वयंपाकघरातून येत होता. आडवा होऊन, भिंतीला पाठ घासत.

"अरे, सरळ चाल की. ही काय नवीन तऱ्हा?"

"सरळच चालतोय," तो म्हणाला.

त्याच्या कानाला चुना लागला होता. मला हसू आलं. जवळ आला तेव्हा मी तो बोटानं पुसला.

पुसताना लक्षात आलं, माझीही पाठ भिंतीला टेकली होती.

त्यानं कप पुढे केला. कप सरळ होता. आतला चहा मात्र सगळा भिंतीकडच्या अंगाला सरकला होता.