नमुना क्रमांक एकेचाळीस

सोमवारी सकाळी नमुने गोठवून ठेवायच्या टाकीचं झाकण उघडलं, पांढरी वाफ बाजूला झाली, आणि मुंगीचा चेहरा त्याहून पांढरा पडला. एकेचाळीस क्रमांकाचा खण रिकामा होता.

मुंगी म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर काम करणारी पोस्टडॉक. मान वर न करता राबायची, म्हणून हे नाव पडलेलं. पीएचडी होऊन सात वर्षं झाली होती, आणि कंत्राट तिसरं.

"नोंदणीबाईंना बोलवा," विभागप्रमुख म्हणाले.

प्रयोगशाळेतला कुठला नमुना कुठे आहे, याची वही नोंदणीबाई सांभाळत. पूर्वी त्या शाळेत भाषा शिकवायच्या. शाळा सुटली, खोड सुटली नाही. मोठमोठ्या शास्त्रज्ञांचे अर्ज त्या लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवत आणि वर दोन शब्द सुनावत.

विभागप्रमुखांनी दार लावून घेतलं.

"स्पष्टच सांगतो. मुंगीच्या पेपरच्या परीक्षकांनी तोच प्रयोग त्याच नमुन्यावर पुन्हा करायला सांगितलाय. शेवटची नळी उरली होती, आणि नेमकी तीच गायब. पहिला निकाल खोटा असेल, तर हे सोयीचंच झालं म्हणायचं."

"म्हणजे तिनेच हरवली?"

"महिनाअखेर तिचं कंत्राट संपतंय. दुपारपर्यंत नळी मिळाली नाही, तर मला वर कळवावं लागेल. मग तिला कुठलीही प्रयोगशाळा दारात उभं करणार नाही."

मुंगी बाहेर बाकावर बसली होती. हातातले मोजेही काढले नव्हते.

"नमुना शेवटचा कधी पाहिलास?" बाईंनी विचारलं.

"शुक्रवारी. सगळ्यांसमोर सांगितलं, सोमवारी वितळवणार म्हणून."

"एवढं काय आहे त्यात?"

"जनुकांवर रासायनिक खुणा असतात. कुठल्या जनुकानं बोलायचं, कुठल्यानं गप्प बसायचं, हे त्या ठरवतात. या पेशींत एक खूण भलत्याच जागी होती. हा आजार औषधानं गेला आणि परत आला. का आला, ते त्या खुणेत आहे असं मला वाटतं."

"रुग्ण कोण?"

"नाव, वय, बाई की पुरुष, आम्हाला काहीच कळवत नाहीत. फक्त क्रमांक." ती मोज्यांची बोटं ओढत राहिली. "आई दर फोनला विचारते, तुझं शिक्षण संपणार कधी? आता काय सांगू, चोरीच्या आरोपावर संपलं?"

बाईंनी तिच्या हातातले मोजे हळूच ओढून काढले.

मग चष्मेवाला. तो दुसरा पोस्टडॉक.

"कायम जागा एक, आम्ही दोघं," तो म्हणाला. "माझ्यावर संशय घ्या, हरकत नाही. पण शुक्रवार संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत मी परगावी परिषदेत होतो. दोनशे लोकांनी मला जांभया देताना पाहिलंय."

उरले टाकीवाले काका. टाक्यांमध्ये द्रवरूप नायट्रोजन भरायचं त्यांचं काम. त्या साठ्याची किल्ली त्यांच्याच कमरेला.

"शनिवारी आला होतात?"

"दर शनिवारी येतो."

"एकेचाळीस नंबरचा नमुना पाहिलात?"

"नाही बाई. तिला मी कशाला हात लावू?"

दुरुस्तीसाठी बाईंचं लाल पेन वर गेलं आणि तसंच थांबलं.

"सुट्टी घेत नाही कधी, काका?"

"मुलगी गेली तेव्हा घेतली होती. पाच वर्षं झाली. आता घरी बसून करू काय?"

बाई उठल्या आणि टाक्यांच्या खोलीत एक फेरी मारून आल्या. कोपऱ्यात जुनी टाकी होती, तिच्यावर 'बंद' अशी पाटी. तिच्या झाकणाच्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं. बोटाला दंव लागलं.

दुपारी त्यांनी सगळ्यांना तिथेच बोलावलं.

"बंद टाकी रिकामी असते, आणि रिकाम्या टाकीला दंव धरत नाही," बाई म्हणाल्या. "हिच्यात कुणीतरी नुकताच नायट्रोजन ओतलाय. किल्ली एकाच माणसाकडे आहे."

"काका?" विभागप्रमुख चक्रावले. "त्यांना काय मिळणार?"

"तेच मला कळेना. मग लक्षात आलं, ते काकांनीच सांगितलंय. आपण सगळे म्हणतो तो नमुना. बाई की पुरुष, हे इथं कुणालाच ठाऊक नाही. काका म्हणाले, 'तिला'."

"नळीला म्हणाले असतील," चष्मेवाला म्हणाला.

"मी नळीबद्दल विचारलंच नव्हतं. नमुन्याबद्दल विचारलं होतं." बाई काकांकडे वळल्या. त्यांचा नेहमीचा करडा आवाज कुठे गेला कोण जाणे. "काका, मुलगी केवढी होती?"

"एकोणीस."

काकांचा हात कमरेच्या किल्लीवर गेला.

"पलीकडच्या वॉर्डातून नमुने आणायला मलाच पाठवायचे," काका म्हणाले. "तिचा घेतला त्या दिवशी एकाच पेशंटचा नमुना होता. नंबर मीच चिकटवला. पाच वर्षं टाकीचा गारठा उतरू दिला नाही. तेवढंच तिच्यासाठी करता यायचं. शुक्रवारी ऐकलं, शेवटची नळी वितळवणार. मग मला काय उरलं?"

मुंगी पुढे आली. "काका, त्यात ती नाही हो. त्या आजाराच्याच पेशी आहेत."

"ठाऊक आहे, ताई. पण तिच्याच अंगात वाढल्या ना."

मुंगी रडायला लागली. विभागप्रमुखांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"ताई, तुमच्यावर आळ येईल, हे डोक्यातच आलं नाही," काका म्हणाले. त्यांनी जाड मोजे घातले, जुनी टाकी उघडली आणि नळी बाहेर काढली. पण ती लगेच दिली नाही. "ती बरी झाली होती. घरी आणली होती. मग परत का आजारी पडली, ते कळेल यातून?"

"कदाचित. वचन नाही देऊ शकत."

"वचनं डॉक्टरांनी पुष्कळ दिली. वितळवताना पाण्यात मी धरू का?"

मुंगीनं होकारार्थी मान हलवली. कोमट पाण्यात नळी धरून काका ती हळूहळू हलवत राहिले. दोन मिनिटांत शेवटचा बर्फाचा खडा विरघळला. त्यांनी नळी तिच्या हातात दिली आणि मोकळ्या हातांचं काय करावं, ते त्यांना सुचेना.

"मुंगी, मी चुकलो," विभागप्रमुख म्हणाले. मग खाली बघत, "काका, तुमच्याबद्दल मात्र कळवावं लागेल."

"कळवा," काका म्हणाले आणि कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

नोंदणीबाईंनी वही उघडली. वेळ लिहिली, तारीख लिहिली, आणि पुढे लिहिलं, 'नमुना क्रमांक एकेचाळीस सापडली.'

चष्मेवाल्यानं वाकून वाचलं. "बाई, सापडला."

"असू दे," बाई म्हणाल्या आणि लाल पेनाला टोपण लावलं.