ओड्वारची राहिलेली लाकडं

खोटं वाटेल तुम्हाला. वाटू दे. पण टोरुनमावशी थापा मारणाऱ्यातली नाही, आणि एईविंदमामाचे हात मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेत.

तीन वर्षांपूर्वीची नऊ नोव्हेंबर. आमच्या उत्तरेकडच्या थंड देशातला योटुनहाइमेनचा डोंगर. दुपारचे तीन वाजले होते, पण उजेड संपत आला होता.

दोघं बहीणभाऊ खिंड ओलांडत होते. बर्फ आठवड्याभराचाच, अजून नीट बसलेला नव्हता. ओढ्यावरचा पापुद्रा फुटला आणि मामा गुडघ्यापर्यंत आत गेला.

"ताई, पायाची बोटं जाणवतच नाहीयेत गं मला..."

"गप चाल! झोपडी समोरच आहे."

कशीबशी झोपडी गाठली. मावशीनं त्याचे बूट ओढून काढले. बोटं पांढरीफटक. आता चूल पेटली नाही तर ही बोटं गेली, हे तिला कळून चुकलं.

तिनं लाकडाची पेटी उघडली.

रिकामी...

आमच्या डोंगरात असं होत नाही. झोपडीत राखणदार नसतो. जो जातो, तो पुढच्या माणसासाठी लाकडं फोडून, पेटी भरून जातो. तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं हे.

"कुठला मेला आळशी होता हा!" मावशीनं रागारागानं येणारे-जाणारे लिहितात ती झोपडीतली वही उघडली. शेवटची ओळ होती,

'९ नोव्हेंबर. लाकडं फोडायची राहिली. परत येऊन फोडतो. ओड्वार.'

म्हणजे आजच?

पण बाहेर पावलं तर कुणाचीच नव्हती...

ती पडवीत धावली. ओंडके होते. कुऱ्हाड नव्हती. तिला रडूच कोसळलं.

आणि झोपडीमागून आवाज आला.

खट...

खट...

कुणीतरी लाकूड फोडत होतं.

"ओड्वार! लवकर आणा हो! भाऊ गारठलाय माझा!"

आवाज थांबला.

तिनं मागचं दार उघडलं. उंबऱ्याशी फोडलेल्या लाकडांची चळत. वर भुरभुरलेला बर्फ. भोवती एकही पाऊल नाही.

तिनं लाकडं आत ओढली. चूल पेटवली. मामाची बोटं वाचली.

सकाळी लख्ख ऊन पडलं होतं. कुऱ्हाड अजूनही कुठेच सापडत नव्हती, आणि पेटीत एकही ढलपी उरली नव्हती. मावशीचा पाय निघेना.

"अगं, तो ओड्वार आहे ना हक्काचा गडी!" मामा हसला. त्यानं त्या ओळीखाली लिहिलं, 'माझीही राहिली. परत येऊन फोडतो. एईविंद.'

"खोड ते. असल्या गोष्टींची थट्टा नको."

"भित्री कुठली!"

गावात किल्ली परत देताना मावशीनं झोपडी सांभाळणाऱ्या गुन्वोरबाईंना ओड्वारबद्दल विचारलं. बाईंचा कप हातातच राहिला.

"ओड्वार? माझ्या आईच्या वेळचा तो. डोंगरात गेला, तो आलाच नाही. पण वही तर मी याच उन्हाळ्यात नवी ठेवलीये गं..."

तेव्हापासून डोंगरावर पहिला बर्फ पडला की मामा बसून राहत नाही. या खोलीतून त्या खोलीत. जेवण अर्धं टाकतो. खिडकीशी जातो, परत येतो. "जरा जाऊन येतो," म्हणतो. कुठे, ते सांगत नाही. मावशी त्याचे बूट लपवते. दाराला कुलूप लावून किल्ली गळ्यात घालते.

सकाळी तो अंथरुणातच असतो.

पण त्याच्या तळहातांना फोड आलेले असतात. ताजे.

आणि गुन्वोरबाई कळवतात, पेटी भरलेली आहे.

गेल्या मंगळवारी पहिला बर्फ पडला. यंदा बाईंनी वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवला.

ओड्वारची ओळ खोडलेली आहे. सरळ, नीट, काम संपवल्यासारखी.

मामाची तशीच आहे. त्याची लाकडं अजून राहिलेलीच.

हे लिहिताना मावशीचा फोन येऊन गेला. मामा सकाळपासून घरभर बूट शोधतोय. भूक नाही म्हणतो. हात धरून बसवला तरी उठतो.

ती मला विचारत होती, आता मी काय करू रे?