बेंदराचा नवा दोर

होडी विकणार का, हे विचारायला तुम्ही एवढ्या लांब आलात. नुसतं नाही म्हणून वाटेला लावणं बरं दिसत नाही. बसा, दिवा जवळ ओढा, सांगते.

बेंदराच्या आदल्या दिवशी मी बाजारातून बैलांना गोंडे, शिंगांना हिंगूळ आणि नवे दोर आणले. आमच्यात बेंदराला, बैलांच्या या सणाला, जनावरांची जुनी दावी बदलतात. माझे मालक, उदयसिंह, त्याच दिवशी होडीचेही दोर बदलायचे. डोलकाठीच्या टोकाला हिंगूळ फासायचे. गाव हसायचा. "तीबी राबतीयाच की माझ्यासाठनं," असं ठणकावून सांगायचे. आठवडाभर शिरोलीच्या फौंड्रीत राबायचं आणि सुट्टीला धरणाच्या पाण्यावर शीड सोडायचं, एवढीच त्यांची चैन. अंगाला फौंड्रीतल्या साच्यांच्या जळक्या वाळूचा वास कायमचा. मी नाक मुरडायचे. आता त्याच वासासाठी जीव तुटतो.

यंदा मे महिन्यातल्या वळवानं होडी एकटीच काठाला आणून टाकली. शीड फाटलेलं, डोलकाठीला धरून ठेवणारे दोर तुटलेले. हे सापडले नाहीत. शोधणाऱ्यांनी हात टेकले. बायका माझ्या बांगड्यांकडं बघायच्या, पण मी काही त्या उतरवल्या नाहीत.

सासरे म्हणायचे, "फोडून चुलीत घाल तिला. माझा पोरगा खाल्ला तिनं."

"आण्णा, बेंदूर होऊ द्या. मग बघू," मी म्हणायचे. मला ती पुन्हा उभी करायची होती. खरं सांगू? यांना ती पाण्यातून दिसावी, असं वाटायचं. वेडेपणाच तो.

बेंदराला दिवस मावळताना मी जोतीरामला घेऊन काठावर गेले. तो दोर वळणारा, यांचा जुना दोस्त. डोलकाठीवर यांनी मारलेली एक गाठ तेवढी शिल्लक होती. हे डावखुरे, म्हणून त्यांच्या गाठीचं शेपूट नेहमी उलट्या अंगाला निघायचं.

"वैनी, ही सोडल्याबिगर नवा दोर बसायचा न्हाय."

"तिला हात लावू नका, भावजी."

"मग दुरुस्ती ऱ्हाऊ द्या की. दोन्ही कसं जमंल?"

यांच्या हातचं माझ्यापाशी तेवढंच उरलं होतं. मी बराच वेळ त्या गाठीवर बोटं ठेवून उभी राहिले. शेवटी मीच ती सोडली. डोळ्यांपुढं काही दिसत नव्हतं, बोटांनीच सोडली. जोतीरामनं नवा दोर वर बांधला, खालचं टोक उद्या ताणू म्हणून होडीत टाकलं आणि तो मिरवणुकीला गेला.

मी मात्र थांबले. पावसानं उघडीप दिली होती. गावातली हलगी वाजता वाजता बंद पडली. वारा नव्हता, पाणी गप्प होतं. आणि वर दोर करकरायला लागला. हळूहळू चिखलाच्या वासातून दुसरा वास आला... जळक्या वाळूचा.

"आलात...?"

करकर थांबली.

मी मोबाईलचा उजेड वर धरला. जोतीरामची गाठ तिथं नव्हती. नव्या दोराचं शेपूट उलट्या अंगाला निघालं होतं. होडीत टाकलेलं टोकही होडीत नव्हतं. दोर काठावरून सरळ पाण्यात उतरला होता. मी तो ओढला. आला नाही. पलीकडून कुणीतरी, बैलाचा कासरा धरावा तसा, सैल हातानं धरला होता. मग तिकडून हलकेच दोनदा ओढ बसली. चारचौघांत मला बोलवायचं झालं की हे असाच माझा पदर ओढायचे...

"सूनबाई! कुठं हाईस गं?" आण्णांची हाक आली. म्हणून मी दोर सोडला. नाहीतर काय केलं असतं, मला माहीत नाही.

सकाळी गेले तर दोर अलगद वर आला. टोकाला एक फास होता, नीट, सावकाश बांधलेला. मी हात घालून बघितला. बांगड्यांसकट बरोबर मावला.

तेव्हा होडी विकायची नाही. शीड शिवून झालंय, उद्या जोतीराम चढवणार आहे. आण्णा माझ्याशी बोलत नाहीत.

दिवा जरा इकडं करा. हे मनगट बघा. रोज पुसते, चुलीपुढं शेकते. बेंदूर होऊन महिना उलटला, तरी ओलंच आहे.